कोर्टात गेलेली कुजबुज

मी डावी बोलतेय. कानाच्या मशीनच्या जोडीतली डावी. माझी जुळी बहीण उजवी. आम्ही दोघी चिंचोक्याएवढ्या. उजवी स्वभावाने अबोल, म्हणून आमची कहाणी सांगायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय.

आमच्यात एक गुण आहे. माणसांनी गजबजलेल्या खोलीत आम्ही एकमेकींशी कुजबुजतो. "तुला आवाज कुठून येतोय गं?" "समोरून. तुला?" "मलाही. मग हाच आपला माणूस." एवढं ठरलं की बाकीचे आवाज आम्ही हळूच मागे सारतो. ते धुक्यात गेल्यासारखे पुसट होतात आणि समोरच्या माणसाचा आवाज तेवढा पुढे येतो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं.

या कुजबुजीवरूनच दोन मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. एक आमची, जिने आम्हाला बनवलं. दुसरी म्हणाली, ही युक्ती आम्हाला आधी सुचली, तिचं पेटंट आमच्या नावावर आहे, आम्हाला न विचारता ती वापरता येणार नाही. आमच्या कंपनीचं म्हणणं, ही युक्ती नवी नाहीच मुळी, देवाने माणसाला दोन कान दिले तेव्हापासूनची आहे.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. आमची खोकी जर्मनीला जायला निघाली होती, अंगावर जर्मन अक्षरंसुद्धा छापलेली होती. तेवढ्यात तिथल्या कोर्टाने विक्री थांबवली आणि कंपनीने खोकी वाटेतच दुबईकडे वळवली. तिथल्या देरा बाजारातल्या एका दुकानाच्या काचेमागे आम्ही जागा पकडली. आमच्यासोबतची पुस्तिका दुकानदाराला वाचता येत नव्हती. तो नुसतं "एक नंबर माल आहे" असं म्हणून आम्हाला विकत असे.

आम्हाला घेतलं अनुपमाताईंनी, नवऱ्यासाठी. विजयकुमार त्यांचं नाव. मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत, एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापणाऱ्या ग्राइंडरच्या शेजारी त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्यातच त्यांचे कानही गेले. आता ते शारजाच्या ऑफिसात बसत आणि तिथल्याच अल मजाज भागात राहत. घरात बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी अस्मी.

ऐकू न येणाऱ्या माणसाची एक खोड असते. तो सगळ्याला "हो हो" म्हणतो. विजयकुमार फार गोड हसून "हो हो" म्हणायचे. त्यामुळे अनुपमाताई दिवसेंदिवस मोठ्याने सांगण्याजोगं तेवढंच बोलू लागल्या होत्या. जेवायला या. बेल वाजतेय. गॅसवाला आलाय. आज कोथिंबीर किती ताजी मिळाली, समोरच्या टॉवरमधली ती मुलगी गॅलरीत एकटीच कशी नाचत होती, असलं काही ओरडून सांगायला माणसाला लाज वाटते. ते त्यांनी सोडूनच दिलं होतं.

आम्ही कानात बसलो त्या दिवशी ती तिघं हॉटेलात जेवायला गेली होती. ताटल्यांचा खणखणाट, शेजारी कुणाचा तरी वाढदिवस. अनुपमाताई स्वतःशीच पुटपुटल्या, "या डाळीला हिंग नाही." विजयकुमार म्हणाले, "हो ना, मलाही तेच वाटलं."

अनुपमाताईंचा घास हातातच राहिला. अस्मी म्हणाली, "ओह माय गॉड, बाबा." मग ती उगाचच पाण्याचा ग्लास हलवत बसली.

काही दिवस फार सुखाचे गेले. डबीत ठेवलं की आम्हाला स्वप्नं पडत. स्वप्नात मला जर्मनीतलं कोर्ट दिसे. तिथे दोन दारं असतात. दुसऱ्याची युक्ती वापरली का, हे एका दारामागचे न्यायाधीश सांगतात. ती युक्ती मुळात नवी होती का, हे विचारायला दुसऱ्या दारी जावं लागतं, आणि ते दार फार सावकाश उघडतं. मग स्वप्न अमेरिकेत शिरे. तिथे निवाडा करायला साधी माणसं बसवली होती. कुणी शाळेची बस चालवणारी, कुणी रंगाचं दुकान असलेला. त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर माझ्यासारखीच एक, मधोमध कापलेली. तिच्या पोटातली तार नदीएवढी दिसत होती. वकील काठीने त्या नदीचे काठ दाखवत होते आणि बस चालवणाऱ्या बाई मन लावून टिपून घेत होत्या.

मग अनुपमाताईंचा भाऊ निखिल अमेरिकेहून आला. येताना त्याने दाजींसाठी आमच्याच जातीची नवी कोरी जोडी आणली. आपल्या लोकांचा एक पक्का समज असतो, अमेरिकेतून आलेली वस्तू ती खरी, बाकी सगळी तिची नक्कल. देरातल्या आम्ही एकदम धाकट्या ठरलो. विजयकुमार मनाचे मोठे. त्यांनी आम्हाला डबीसकट हमीदभाईंना देऊन टाकलं. हमीदभाई त्यांचे वर्कशॉपमधले जुने सोबती. त्याच ग्राइंडरने त्यांचेही कान नेले होते.

मुसफ्फाला हमीदभाईंच्या खोलीत सहा पलंग आहेत. शेजारच्या पलंगावर अक्रमभाई. दोघं एकाच विमानाने या देशात आलेले. अक्रमभाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचा आवाज वाळूवरून कागद सरकावा तेवढाच उरलाय. एकाला आवाज नाही, एकाला कान नाहीत. दोघं कितीतरी काळ हातवाऱ्यांवरच बोलत होते. आम्ही कानात बसलो, टीव्ही चालू होता, चौघं पत्ते कुटत होते, आणि त्या गोंगाटात अक्रमभाई म्हणाले, "तेरी दाढ़ी में चावल लगा है." हमीदभाईंनी दाढीला हात लावला आणि ते रडायलाच लागले.

तिकडे अल मजाजमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. अमेरिकेची जोडी दिसायला देखणी, पण तिच्यातल्या बहिणी एकमेकींशी बोलतच नव्हत्या. तिथल्या कोर्टात आमची कंपनी हरली होती आणि तिथे विकायच्या मशीनमधली कुजबुज बंद केली होती. विजयकुमार पुन्हा "हो हो" म्हणू लागले. अस्मीने शोधून काढलं आणि आईला सांगितलं, "मम्मा, इट्स अ पेटंट थिंग. दुबईवाला पीस हॅड इट." अनुपमाताई लगोलग देराला गेल्या. पण मधल्या काळात कंपन्यांनी तडजोड केली होती, नव्या मालातून कुजबुज कायमची गेली होती. दुकानदाराने हात उडवले, "खलास, हबीबी."

म्हणजे ती युक्ती जाणणारी जोडी ओळखीत एकच उरली होती. आम्ही.

विजयकुमार म्हणत होते, दिलेली वस्तू परत मागू नये. अनुपमाताईंनी मोठ्याने बजावलं, "मागायची नाहीये. बदलून घ्यायचीये. त्यांना नवी मिळेल, अजून काय हवं?" आणि सुट्टीच्या दिवशी अमेरिकेची जोडी नि चिवड्याचा डबा घेऊन दोघं मुसफ्फाला आली.

हमीदभाईंना कोण आनंद झाला. चहा आला. खोलीत नेहमीचा गोंगाट होता. हमीदभाई अक्रमभाईंच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, साहेबांमुळे माझा दोस्त मला परत मिळाला, हा किती वात्रट बोलतो हे मी विसरूनच गेलो होतो. विजयकुमारांना यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. ते गोड हसून म्हणाले, "हां हां, बिलकुल."

हमीदभाई थबकले. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. स्वतः वर्षानुवर्षं ते तसंच हसत आले होते. त्यांनी अनुपमाताईंच्या पिशवीतल्या नव्या डबीकडे पाहिलं आणि काही न विचारता आम्हाला कानांतून काढलं, रुमालाने पुसलं आणि विजयकुमारांच्या हातावर ठेवलं. "पहले आपके हैं, साहब."

विजयकुमारांनी आम्हाला कानात घातलं. मला तो कान आठवला. समोर अक्रमभाई होते. त्यांनी ओठ हलवले आणि आम्ही आमचं काम केलं.

"भाभीजी को बोलिए, चिवडा बहुत अच्छा है," ते म्हणाले.

विजयकुमारांनी हमीदभाईंकडे पाहिलं. हमीदभाई अक्रमच्या ओठांकडे एकटक बघत होते, काय म्हणाला ते शोधत. विजयकुमार बायकोला मराठीत म्हणाले, "अनु, आता तू सांग. काय करू?"

अनुपमाताईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग हळू आवाजात, फक्त आम्हालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "त्यांना देऊन टाका. त्या बिचाऱ्याला ओरडता येत नाही. मला येतं."

"लोक ऐकतील गं."

"ऐकू देत. हिंगाचंसुद्धा ओरडून सांगेन."

विजयकुमारांनी आम्हाला काढून हमीदभाईंच्या हातावर ठेवलं. त्यानंतरचं त्यांचं बोलणं मी हमीदभाईंच्या कानातून ऐकलं. जाताना जिन्यात अनुपमाताई एवढ्या मोठ्याने काहीतरी सांगत होत्या, की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीकुंकवाची गंमत होती. विजयकुमार हसत होते, आणि त्या हसण्यात "हो हो" नव्हतं.

आता मी म्हातारी होत चाललेय. माझी बॅटरी दुपारीच दमते. हमीदभाईंच्या मोबाइलवर अधूनमधून आमच्यासाठी सूचना येते, नवीन अपडेट घ्या. ते घेतलं तर आमचीही कुजबुज बंद, उजवी मला कायमची परकी होईल. अक्रमभाई प्रत्येक वेळी 'नंतर'वर बोट ठेवतात. किती दिवस चालेल कुणास ठाऊक.

माझा कोणावर राग नाही. ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. कोर्टातल्या त्या शहाण्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे, की मालकी कुणाचीही ठरवा, पण ठरवताना एकदा आम्हाला कानात घालून एखाद्या गजबजलेल्या खोलीत बसा. आणि तुमच्या घरी कुणी गोड हसून "हो हो" म्हणत असेल, तर त्याला फक्त जेवायला बोलावू नका. बाकीचंही सांगा, ओरडून सांगा.

बरं, आता मला रजा द्या. पत्त्यांचा डाव रंगलाय, टीव्ही मोठा केलाय, आणि अक्रमभाई काहीतरी बोलतायत. उजवी मला विचारतेय, कुठून येतोय गं आवाज?