पावेल सुताराचा रस्ता

प्रबोध खासनिसांनी पुण्यात तीस वर्षं रशियन कागदपत्रांची भाषांतरं केली आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला: वोल्खोव फ्रंटचा इतिहास मराठीत लिहायचा. अनेक सैन्यं एका हुकमाखाली आणून जे अफाट दल उभं करतात, त्याला रशियन लोक फ्रंट म्हणतात. हा फ्रंट १९४१च्या डिसेंबरात उभा राहिला, जर्मनांच्या वेढ्यात सापडलेलं लेनिनग्राड सोडवायला. पाच प्रकरणं झाली. सहाव्यात एक अख्खं सैन्य दलदलीत अडकतं. तेवढ्यात बायको गेली आणि लेखणी थांबली ती थांबलीच. मुलीनं, अनघानं, त्यांना सिंगापूरला आपल्याकडे आणलं. वह्याही आल्या, पण कपाटात गेल्या.

अनघा तिथल्या तांजोंग पगार भागात नोकरी करायची. त्या वह्यांतलं एक पानही तिनं वाचलं नव्हतं. "आई वाचते ना," म्हणून ती सुटायची. परक्या मुलखात मेलेल्या माणसांपायी बाबांनी एवढी वर्षं का घालवावीत, हे तिला कधी उमगलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी ती खाली उतरली, तर बाबा कॉन्डोच्या बागेत एका गोऱ्या म्हातारबाईंशी बोलत बसलेले. चक्क हसत होते.

"अनू, ये ये! या वालेंतीना पावलोव्ना. आठव्या मजल्यावर नातीकडे आल्यात. इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे चार महिने बिचाऱ्या मुक्या होत्या. मला माझ्या वडिलांचं नाव विचारलं आणि लगेच रशियन रीतीनं, ते नाव जोडून, माझं बारसं केलं. प्रबोध दिनकरोविच!"

मग रोजच बैठक बसू लागली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली जायला लागले. अनघाला बरं वाटलं.

महिन्याभरानं एका संध्याकाळी मात्र ते पानावर बसले आणि भात नुसताच चिवडत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"वालेंतीनाबाईंनी आज वडिलांचं पत्र दाखवलं. एप्रिल बेचाळीसचं, शेवटचं. पावेल नाव त्यांचं, पेशानं सुतार. माझ्या सहाव्या प्रकरणातल्याच सैन्यात होते गं."

"मग?"

"त्या सैन्याचा सेनापती पुढे शत्रूला जाऊन मिळाला. त्याचा डाग सगळ्यांना लागला. पावेल बेपत्ता, एवढाच कागद घरी आला. बाईंनी बापाचं तोंडही पाहिलं नाही, पण शाळेत पोरं त्यांना गद्दाराची पोर म्हणायची. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या मला विचारतात, तुम्ही एवढं वाचलंय, माझे वडील कसे होते?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"त्या माणसांचं काय झालं ते माहीत आहे. पण सांगवत नाही. झाडांच्या साली खाऊन लढत होती ती."

अनघानं त्यांच्या पानात आमटी वाढली. "बाबा, त्यांनी जन्मभर याहून वाईट ऐकलंय. तुम्ही खरं ते सांगा."

वालेंतीनाबाईंना कधीपासून झाडं बघायची होती. पुढच्या शनिवारी अनघानं दोघांना चांगीहून छोट्या बोटीनं पुलाउ उबीनला नेलं. बाबांच्या पिशवीत सहावी वही होती. बेटावर व्हॅन करून तिघं खारफुटीपाशी पोचली. चिखलावरून लाकडी फळ्यांची वाट जाते, तिथे सावलीत बसली.

बाबांनी वही उघडली. एक वाक्य मराठीत वाचायचं, मग त्याचं रशियन करून सांगायचं, असं सुरू झालं. वाचन बाईंसाठी होतं, पण मराठी वाक्य कळणारी तिथे एकटी अनघाच होती.

हिवाळ्यात ते सैन्य शत्रूची फळी फोडून आत घुसलं. आत जायला एकच चिंचोळी फट होती. वसंतात बर्फ वितळलं आणि सगळी दलदल झाली. गाड्या रुतल्या, घोडे रुतले. तेव्हा माणसांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून झाडाचे सोट शेजारी शेजारी टाकले आणि कित्येक मैल लाकडांचा रस्ता केला. त्यावर दिवसभर तोफगोळे पडत. मोडेल तेवढा पुन्हा बांधत. जखमी माणसं त्याच रस्त्यानं बाहेर जात, भाकरी त्याच रस्त्यानं आत येई. जूनमध्ये फट बंद झाली. आतली माणसं तरीही लढत राहिली.

वालेंतीनाबाईंनी हात वर केला. पर्समधून पत्र काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बाबांनी ती ओळ अनघाला सांगितली: "आम्ही रस्ता करतो आहोत. सुताराचंच काम आहे, तेव्हा माझी काळजी करू नकोस."

"आईला वाटायचं, ते लांब कुठेतरी सुरक्षित रस्ता बांधतायत," बाई म्हणाल्या आणि बाबांनी ते मराठीत सांगितलं. "लोक म्हणायचे, मग तिथून पळालाच असणार. प्रबोध दिनकरोविच, ते पळाले नाहीत ना?"

बाबांनी चष्मा काढला. खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं, हे अनघाला ठाऊक होतं. ते सावकाश बोलले आणि मग अनघासाठी मराठीत म्हणाले, "मी सांगितलं, शेवट मला माहीत नाही. पण पत्रावरच्या तारखेला, तीन एप्रिलला, ते त्या दलदलीत रस्ता बांधत होते, हे नक्की. आणि हे पत्र बाहेर आलं, ते बहुधा त्यांच्याच रस्त्यावरून आलं."

बाईंनी वाकून पायाखालची फळी तळहातानं चाचपली, बाप सुतार असलेली मुलगी चाचपेल तशी, सांधा कुठे आहे ते बघत. त्या रडत होत्या. अनघानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. ती त्या बापासाठी होती की आईनंतर एकट्यानं ही वही सांभाळणाऱ्या आपल्या बापासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

"मला पहिल्या प्रकरणापासून वाचायला द्याल?" तिनं विचारलं.

"शुद्धलेखनाच्या चुका काढायला?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. वाचायला."

सहावं प्रकरण तीन महिन्यांत पुरं झालं. अनघानं ते टाइप केलं. त्यात पावेल सुताराला एक परिच्छेद मिळाला. जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहिलं, वर एक अक्षर नाही. छापलेली पानं घेऊन दोघं आठव्या मजल्यावर गेली. वालेंतीनाबाईंनी चहा केला, जॅमची वाटी पुढे ठेवली आणि विचारलं, वडिलांचं नाव कुठे आहे? अनघानं दाखवलं. बाईंनी देवनागरीतल्या त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं, ती 'वे'वरची मात्रा काय म्हणून विचारलं, आणि मग अनघाच्या मागोमाग, एकेक अक्षर सुटं करत, मोठ्यानं वाचलं.