मोटारीला गोडं पाणी

झुंबरबाईच्या विहिरीची चाकी मुद्दाम करकरत ठेवलेली आहे, असं गोजरबाईचं ठाम म्हणणं होतं. घरात तेलाची बरणी आहे, हाताशी धडधाकट नवरा आहे, तरी चाकीला थेंबभर तेल लावायचं नाही. का, तर पाणी ओढलं की साऱ्या गल्लीला कळलं पाहिजे. आणि गल्लीला म्हणजे कुणाला, तर भिंतीपलीकडच्या थोरल्या जावेला. सकाळी करकर, दुपारी करकर, दिवेलागणीला करकर. "पाणी काढून राह्यली का मले चिडवून राह्यली, हे काय मले समजत नाही?" असं ती सुनेला म्हणायची. सून पुष्पा नुसतं हूं म्हणायची आणि पीठ मळत राहायची.

त्यांचं वडनेर गाव सगळं खारपाणात, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. विहीर खणली की पाणी लागे, पण खारं लागे. त्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो, साबणाला फेस धरत नाही. गोजरबाईच्या अंगणातली विहीर घडीव दगडाची, भर उन्हाळ्यात न आटणारी, आणि खारी. वाटणीच्या वेळी थोरलेपणाच्या मानानं पहिली निवड तिची होती. तिनं विहिरीवर बोट ठेवलं. धाकटा दीर पंजाबराव याच्या वाट्याला भिंतीपलीकडची उकिरड्याची जागा गेली, आणि गोजरबाई तेव्हा पदराआड हसली होती. पुढे पंजाबरावानं तो उकिरडा उपसून तिथं विहीर खणली तर पाणी लागलं गोडं, नारळाच्या पाण्यासारखं. पहिली घागर त्यानं थोरल्या भावजयीच्याच दारात आणून ठेवली. गोजरबाईनं ती म्हशीला पाजली.

त्या दिवसापासून तिनं त्या विहिरीच्या पाण्यानं चूळसुद्धा भरली नव्हती. तिच्या घरी गोडं पाणी यायचं ते लांबच्या मळ्यातून, बैलगाडीवर पिंप घालून. ते स्वयंपाकघरातल्या रांजणात राहायचं. रांजणावर झाकण, झाकणावर तांब्या उपडा. तो तांब्या गोजरबाईशिवाय कुणी सरळ करायचा नाही, असा घरचा नेमच होता.

आता या घरात मोटार आली होती. मुलगा निवृत्ती यानं लष्कराच्या लिलावातली, मागं उघडी पेटी असलेली जुनी पिकअप घेतली होती, कापूस नांदुऱ्याच्या बाजारात न्यायला. गोजरबाईला कापसाचं एवढं नव्हतं. तिला पुढच्या बाकावर, खिडकीशी बसून झुंबरबाईच्या दारावरून जायचं होतं. मागच्या बाजाराला ती तशी बसलीही होती, इरकली लुगडं नेसून, नथ घालून. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि पुढच्या टोपणातून भसाभस वाफ निघाली. गोजरबाईला लुगडं सावरत खाली उतरावं लागलं, आणि ते झुंबरबाईनं दारात उभं राहून पाहिलं. काही बोलली नाही ती. बोलली असती तर परवडलं असतं.

उद्या पुन्हा बाजार होता. म्हणून आज निवृत्ती सकाळपासून अंगणात गाडीचं तोंड उघडून बसला होता.

"काऊन तापते थे?" गोजरबाईनं ओट्यावरून विचारलं.

"निजाम मिस्त्री म्हणे, रेडिएटरमंधी खार बसला माय. आपल्या पाण्यानं."

"माह्या विहिरीनं तुह्या मोटारीचं काय घोडं मारलं बे?"

"तुह्या तांब्याच्या बंबात पांढरा थर बसत नाही का? तसाच हा. आतल्या नळ्या हायेत बारीक. थ्या बुजल्या. मंग पाणी फिरत नाही, अन् इंजिन तापते."

बंबाचं खरं होतं, म्हणून गोजरबाईनं बंबाचा विषय सोडला. पण तिथून हलली नाही.

निवृत्तीनं इंजिन गार आहे की नाही ते हात लावून पाहिलं, वरचं टोपण काढलं आणि रेडिएटरच्या बुडाची तोटी सोडली. काताच्या रंगाचं, गंजट पाणी भळाभळा बाहेर आलं. गोजरबाईनं नाकाला पदर लावला. मग त्यानं घमेल्यात कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, तोटी बंद करून ते पाणी आत ओतलं आणि इंजिन चालू केलं. मोटार आपली घरघरत राहिली. पाणी चांगलं तापल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, ते निवू दिलं आणि तोटी पुन्हा सोडली. या वेळी पाण्याबरोबर खपल्या आल्या, पांढऱ्या, करड्या, अंड्याच्या टरफलासारख्या. त्यानं वरची रबरी नळी सोडवली, खालची सोडवली, आणि विहिरीच्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या आतून सोडल्या. शेवटी स्वच्छ पाणी पडायला लागलं. अंगणाचा सारा रेंदा झाला होता.

"धुवाले माह्यं पाणी चाललं," गोजरबाई म्हणाली.

"धुवाले चालते माय. भराले गोडं पाह्यजे, नाही तं पुन्हा थर बसते." निवृत्ती नळ्या पुन्हा आवळत होता. "काकीकडून दोन बादल्या आणतो."

तो इतक्या सहज म्हणाला की गोजरबाई ओट्यावरून उठलीच. म्हणजे येणं-जाणं होतं तर. काकीकडून आणतो. जशी काही ती विहीर त्याच्याच बापानं खणली.

"मोटार कोणाची?" तिनं विचारलं.

"आपली."

"मंग तिले तहान लागली तं काकीच्या दारात काऊन जाते?"

"माय, पाणी हाये थे. त्याच्यावर काकीचं नाव लिहेल नाही."

"चव तं हाये ना? मोटार प्याली म्हंजे मीच प्याली. पुष्पे, रांजणावरचं झाकण काढ."

पुष्पाला आधी खरंच वाटेना. "आत्याबाई, उद्यापर्यंत बैलगाडी नाही जात पाण्याले. डायीपुरतं तरी..."

"डाय आज शिजली नाही तं कोणी मरत नाही. भाकर न ठेचा कर."

रांजणातलं गोडं पाणी बादल्याबादल्यांनी अंगणात आलं. गोजरबाईनं ते स्वतःच्या हातानं ओतलं, नातवाला न्हाऊ घालावं तसं, धार बारीक धरून. निवृत्तीनं टोपण उघडंच ठेवून इंजिन चालवलं. आतून बुडबुडे आले, पाणी खाली बसलं, तिनं पुन्हा ओतलं. रांजण तळाला लागला. तेव्हा कुठं पाणी टोपणाच्या काठाशी स्थिर राहिलं. निवृत्तीनं इंजिन बंद केलं, टोपण लावलं आणि हात धुवायला गेला. गोजरबाई ओट्यावर टेकली. भिंतीपलीकडे चाकी करकरली. आज पहिल्यांदा तिला त्या आवाजाचा राग आला नाही.

भाकर खाऊन निवृत्ती परत आला, टोपण काढून आत डोकावला आणि तसाच वाकून राहिला.

"माय, पाणी कोठी गेलं?"

अंगण ओलंच होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो गाडीखाली आडवा झाला. रेडिएटरच्या बुडाशी थेंब धरत होता, पडत होता, लगेच दुसरा धरत होता. गोजरबाईच्या रांजणातलं पाणी चिखलात मुरून गेलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. झुंबरबाई आली होती. कमरेवर घागर, डोक्यावर पदर नीटनेटका. भिंत काही फार उंच नव्हती, तिनं सारं ऐकलंच असणार.

"मोठीबाई, मोटारीले पाणी पाजलं म्हणे तुमी."

"पाजलं. पोटभर प्याली. आता ढेकर देऊन राह्यली," गोजरबाई म्हणाली.

झुंबरबाईनं वाकून गाडीखाली पाहिलं. "खालून देते का ढेकर?"

गाडीखालून निवृत्तीला हसू फुटलं. गोजरबाईनं त्याच्या उघड्या तळपायांकडे अशी नजर लावली की ते आत ओढले गेले.

"भोकं होती काकी पहिलेपासूनच," तो बाहेर येत म्हणाला. "खारानं बुजून गेलती. खार धुतला तं उघडी पडली."

"म्हंजे इतके दिवस माह्या पाण्यानंच मोटार सांभाळली," गोजरबाई म्हणाली. "अन् तुमी त्यालेच नावं ठेवून राह्यले."

निवृत्तीनं काकीच्या कमरेवरची घागर उतरवून घेतली. "दे काकी, जड हाये," म्हणाला, अगदी हळू. गोजरबाईनं मघाशी बादल्यांवर बादल्या ओतल्या, तेव्हा त्या कुणाला जड वाटल्या नव्हत्या. तिनं तोंड फिरवलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहिली. झुंबरबाईचं पाणी टोपणातून आत गेलं, आणि गोजरबाई पुटपुटली, "गळू दे." गळलंही. तिच्या पाण्याहून जास्तच गळलं. क्षणभर तिला गार वाटलं.

मग तिला उद्याचा बाजार आठवला. इरकली लुगडं पेटीतून काढून ठेवलेलं होतं. गाडी अशीच गळत राहिली तर उद्याही ती गल्लीच्या तोंडाशी थांबणार, आणि पुन्हा लुगडं सावरत उतरावं लागणार.

"मिस्त्री काही म्हणे का, गळली तं काय करा?" तिनं विचारलं. तो आवाज तिलाच आपला वाटला नाही.

"म्हणे, हयद टाकजो. ड्रायव्हर लोक टाकतात. हयद भोकात जाऊन बसते. पक्की डागडुजी मंग तो करून देते."

"मी आणते, घरी हाये माह्या," म्हणून झुंबरबाई वळली.

ती फाटकापर्यंत पोचायच्या आत गोजरबाई घरात शिरली होती. झुंबरबाईची हळद दुकानातली होती, पिवळी कमी आणि पीठ जास्त. गोजरबाईची हळद स्वतःच्या वाफ्यातली, उकडलेली, वाळवलेली, जात्यावर दळून लुगड्याच्या फडक्यातून चाळलेली. झुंबरबाईच्या लेकीच्या लग्नात तीच हळद लागली होती; अख्ख्या वऱ्हाडानं विचारलं होतं, हयद कोणाची, आणि झुंबरबाईनं सांगितलं होतं, घरचीच. घरची. कोणत्या घरची ते सांगितलं नव्हतं.

गोजरबाई हळदीचा डबा घेऊन आली. मूठ भरून हळद तिनं तांब्यात कालवली, गाठ राहू दिली नाही. निवृत्तीनं हात पुढे केला तर तिनं तांब्या दिला नाही. स्वतःच ओतली. मग झुंबरबाईच्या घागरीतलं उरलेलं पाणी निवृत्तीनं वरून घातलं आणि इंजिन चालू केलं. टोपणाच्या तोंडाशी पिवळं पाणी गरगरायला लागलं.

दोघी जावा गाडीच्या पुढं बसल्या, एकीचे गुडघे दुखत होते आणि दुसरीचेही, आणि खाली पाहत राहिल्या. थेंब पिवळे पडत होते. एक पडला. बऱ्याच वेळानं दुसरा पडला. तिसरा धरला, फुगला, आणि तसाच लटकत राहिला.

"थांबलं," निवृत्ती म्हणाला. त्यानं टोपण आवळलं.

"लागलं वं बाई माह्यं पाणी मोटारीले," झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "उद्या रस्त्यानं पुन्हा लागलं तं? एक घागर संग ठेवजो निवृत्ती, मी भरून देते."

"तूच चाल ना काकी नांदुऱ्याले. बाकावर तिघं मावतात."

झुंबरबाईनं पदर नीट केला आणि जावेकडे पाहिलं. निवृत्तीच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. पुष्पा दारात पीठभरल्या हातानं उभी राहिली.

गोजरबाईनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. गाडीखाली एकदा पाहून घेतलं. थेंब लटकतच होता. मग ती सरळ उभी राहिली आणि झुंबरबाईच्या तोंडाकडे पाहून म्हणाली,

"तुह्यं पाणी गोड हाये झुंबरे, मी काही आंधयी नाही. पण मोटारीत टिकलं थे माह्या हयदीनं, हे उद्या कोणी पुसलं तं नीट नाव घेऊन सांगजो. खिडकीले मी बसीन. तू मंधात बस, घागर मांडीवर घेऊन. अन् आता घरी जाशीन तं पहिले थ्या चाकीले तेल लाव."