आप्पांना लागणारी गाडी

आमच्या आप्पांना गाडी लागायची. सगळ्या गाड्या नव्हेत, माझी. कोल्हापूरला ते ट्रकच्या केबिनमध्ये बसून गप्पा मारत जायचे, हुबळीला टॅक्सीने जाऊन वर भरपेट जेवून यायचे. पण निपाणीच्या घरापुढे माझी फियाट उभी राहिली आणि मी किल्ली हातात घेतली, की त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. मग पिशवी उचलून ते बसस्टँडची वाट धरायचे. लेक गाडी चालवते म्हणून बसत नाही, असं त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही. "तुझी गाडी लई डुलती गं," एवढंच म्हणायचे.

मला याचा मनस्वी राग यायचा. बेळगावात मी कॉलेजच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवत होते, वंटमुरीचा घाट भर पावसात उतरवत होते, शेजारपाजारच्या बायका हक्काने माझ्या गाडीतून लग्नांना जात होत्या. आणि माझा बाप तेवढा बसने. रागाच्या खाली वाईटही वाटायचं, पण ते मी कुणाला दाखवत नसे.

त्र्याऐंशी साली मे महिन्यात टिळकवाडीतल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. आप्पांनी माझ्या गाडीतून, माझ्या शेजारी बसून यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. गाडी डुलते ना? मग डुलणंच काढून टाकू.

आता खरं सांगायचं तर गाडी डुलायची. पुढच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, शॉक अब्सॉर्बर नावाला उरले होते. कोल्हापूरच्या एका रॅलीवाल्याने हौस फिटल्यावर आपल्या फियाटची पुढची जोडी उतरवून ठेवली होती, ती मी मिळवली. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकातच, मधल्या नळीला बाहेरून आटे पाडलेले, त्यावर एक जाड रिंग. रिंग फिरवली की गाडी खाली किंवा वर. मी ती जोडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा रघुवीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आपल्या लग्नात शालूकडे तू असं बघितलं नव्हतंस."

रघुवीर वकील. बेळगावात जन्मला, बेळगावात वाढला, आणि निपाणीत पाऊल ठेवलं की शिंकायचा. अख्ख्या गावाला तंबाखूचा वास; आम्हा निपाणीकरांना तो येतच नाही, पाण्याला चव नसावी तसा. सासुरवाडी म्हणजे त्याच्या लेखी शिंका, त्यामुळे त्याच्या शिंकांकडे आमच्या घरात कुणी लक्ष देत नसे.

सुट्टीत आम्ही आप्पांच्या तंबाखूच्या वखारीच्या अंगणात गाडी जॅकवर चढवली आणि खाली लाकडी ठोकळे दिले. मी गाडीखाली, रघुवीर खुर्चीवर गाडीचं पुस्तक मोठ्याने वाचत. वकिलाने वाचलेलं पुस्तक, प्रत्येक वाक्यावर हरकत. जुनी स्प्रिंग उसळली तर माणूस आडवा करते, म्हणून तिला दोन्ही अंगांनी आकडे लावून थोडी थोडी आवळत बाहेर काढली. डाव्या बाजूचा गंजलेला बोल्ट काही केल्या हलेना. मी त्याला रॉकेल पाजलं, शिव्या घातल्या, शेवटी पान्याला लांब पाइप जोडून त्यावर उभी राहिले. बोल्ट सुटला आणि मी रघुवीरच्या मांडीवर.

आप्पा वखारीच्या दारातून सगळं बघत होते. "व्हईल काय?" त्यांनी विचारलं.

"होईल. मग तुमचं पोट ढवळायचं नाही."

ते वळून आत गेले.

संध्याकाळी नवी जोडी बसली, पण गाडीचं नाक वर राहिलं, रुसलेल्या म्हशीसारखं. शिवाय सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीत माणसांइतकं वजन हवं, नाहीतर रबरं पिरगळून लवकर फाटतात. स्प्रिंगा दबेपर्यंत घरातलं कुणी तासन् तास गाडीत बसून राहायला तयार नव्हतं. रघुवीर बसला, त्याने दोनदा पेपर वाचला आणि उतरला.

"माणसं कशाला बसवतीस?" आप्पा म्हणाले. "बोद टाक की. रातभर दाबून बसू दे."

तागाच्या पोत्यात गच्च भरलेल्या तंबाखूला आम्ही बोद म्हणतो. वखारीत काहीही दाबायचं, तोलायचं, दार उघडं ठेवायचं, तर त्याला बोद. मला हे इतकं साहजिक वाटलं की मी दुसरा विचारच केला नाही. दोन बोद पुढच्या सीटवर, दोन मागे. सकाळी गाडी छान बसली होती. मी बोल्ट आवळले, रिंगा फिरवून दोन्ही बाजू सारख्या केल्या, बोद काढले आणि गाडी फिरवून आणली. वळणावर गाडी सरळ, खड्ड्यात एकदाच उठायची आणि गप्प व्हायची. मी दारात उतरले ती आप्पांकडे बघतच.

"आता डुलत नाही."

आप्पांनी डोकं खाजवलं. निमित्त संपलं होतं. "बरं, येतो गाडीतनं," ते म्हणाले. "पण जावईबापू चालवू देत. त्यांच्याच घरची वास्तुशांत."

मी इतकी चिडले होते की मागच्या सीटवर बसताना दार आपटलं. दोन दिवस ग्रीसमध्ये हात काळे केले ते मागे बसायला?

रघुवीरने गाडी सुरू केली. आप्पा पुढे, हातात हुंगायला लिंबू. उन्हाळा, सगळ्या काचा खाली. वेशीपाशी वेग घेताच वारा आत शिरला आणि सीटच्या शिवणींतून, पायाखालच्या पट्ट्यांतून रात्रभर साचलेली तंबाखूची भुकटी उठली. रघुवीर शिंकला. आम्ही दोघांनी तिकडे लक्षच दिलं नाही. निपाणीत तो शिंकतोच. पण गाव मागे पडलं तरी तो थांबेना. तवंदीच्या घाटात एका वळणावर त्याला एकामागून एक अशा शिंका आल्या की डोळे मिटले आणि गाडी पलीकडच्या कडेला निघाली. समोरून ट्रक येत होता. मागून मी ओरडले, त्याने स्टिअरिंग खेचलं आणि गाडी एका झटक्यात आपल्या बाजूला आली. जुन्या स्प्रिंगांवर ती नक्की कलंडली असती.

"थांबवा," आप्पा म्हणाले.

रघुवीर उतरून दगडावर बसला. डोळे लाल, नाक त्याहून लाल. "माझ्याने नाही होणार," तो रुमालातून म्हणाला. "या गाडीत मी बसूसुद्धा शकत नाही."

तेवढ्यात मागून बेळगावची बस आली, आप्पांची नेहमीची. कंडक्टर ओळखीचा. "बर्री, मार्तंडराव, बर्री," असं कानडीत 'या, या' म्हणत त्याने आप्पांसाठी दाराशी जागा केली. आप्पांनी बसकडे पाहिलं. मी स्टिअरिंगमागे जाऊन बसले होते, आणि समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"जावईबापूंस्नी न्या," आप्पा कंडक्टरला म्हणाले. "माझी पिशवी गाडीत हाय. आता कोण काढत बसतंय."

पिशवी त्यांच्या मांडीवरच होती.

ते दार ओढून बसले. घाट संपेपर्यंत त्यांची मूठ दाराच्या कडीवर होती. संकेश्वरला ती सुटली. हत्तरगीच्या पुढे मी वळून पाहिलं, तर लिंबू पायाशी पडलेलं आणि आप्पा मान टाकून झोपलेले. वंटमुरीचा घाट मी इतका हळू उतरवला की सायकलवाल्यानेही आम्हाला मागे टाकलं. मला फार, फार बरं वाटत होतं.

रघुवीर आमच्या आधी घरी पोचला होता. दुसऱ्या दिवशी, पूजा आटोपून पाहुणे पांगल्यावर, तो नाकाला पंचा बांधून, बादली आणि फडकं घेऊन भुकटी पुसायला गाडीचं दार उघडत होता. आप्पा ओट्यावर पान लावत बसले होते.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," ते म्हणाले. "पुसू नका. मला परत जायचं हाय."