बुजवलेली सातवी खिडकी

महालातले बाकीचे गाइड त्याला रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की बंद करायची कळ कोणालाच सापडत नसे. सव्वीस वर्षं पर्यटकांना महाल दाखवल्यावर आता या वयात परीक्षा! नव्या नियमाने तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय परवाना नाही, आणि परवाना गेला तर बोलण्यापलीकडे रेडिओला काहीही येत नव्हतं. घरातला बल्ब बदलायलासुद्धा बायकोच लागायची.

"आज तरी थापा मारू नका," निघताना तिने बजावलं. "खरं असेल तेवढंच सांगा." त्याने तिच्या गळ्याची शपथ घेतली.

परीक्षक दोन, दोघंही त्याच्या मुलीच्या वयाचे. सनावळ्या, कमानी, छतावरची नक्षी, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. मग चष्मेवाल्या मॅडमनी महालाच्या वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "ती सातवी खिडकी बुजवलेली का आहे?"

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, जांभया देणाऱ्या एका सहलीला जागं ठेवायला रेडिओने त्या खिडकीची गोष्ट उभ्या उभ्या रचली होती. राजा लढाईवरून परतला नाही, म्हणून राणीने वाट पाहायची खिडकीच बंद करून घेतली. बायका डोळ्यांना रुमाल लावत. एकदा तर सांगता सांगता हा गाढव स्वतःच रडला होता.

पण शपथ म्हणजे शपथ. "मॅडम, मागे न्हाणीघर होतं. भिंतीला ओल यायची, म्हणून बुजवली."

मॅडमना त्याची कीव आली. "काका, राणीची गोष्ट माहीत नाही? महालाच्या पुस्तिकेत छापलीय. शाळेतली पोरं सांगतात."

"अहो, ती मीच रचली!"

"आतापर्यंत चार गाइड हेच म्हणाले," दुसरा परीक्षक म्हणाला. एका गुणाने रेडिओ नापास झाला.

महिन्याने फेरपरीक्षा होती. बायको पुस्तिका घेऊन त्याची उजळणी घ्यायला बसली.

"राणीने किती दिवस वाट पाहिली?"

"सात."

"चूक. एकवीस."

"अगं, मी सात ठरवले होते!"

"तुम्हाला कोण विचारतंय? आता सांगा, दासी तिला काय म्हणाली?"

"दासी कुठून आली?"

रेडिओला हसू आलं आणि वाईटही वाटलं. थाप त्याचीच, पण ती शिकूनसवरून मोठी झाली होती आणि आता बापाला ओळख द्यायला तयार नव्हती. "एकवीस दिवस," तो मुकाट्याने म्हणाला, आणि दासीचं वाक्य घोकायला लागला.