मनकवडी

बाबांच्या टॅबवर चोवीस चित्रं होती आणि पंधरा दिवसांत त्यांनी एकालाही बोट लावलं नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात-पाय बरेच सावरले, पण शब्द काही परतले नाहीत. चित्र दाबलं की टॅब तो शब्द बोलायचा. टॅब दवाखान्याचा, उसना. आज थेरपिस्टबाई बघायला आल्या होत्या. बाबा आपणहून वापरत नसतील, तर तो यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होता.

"मी रोज समोर ठेवते हो," लेक कानकोंडी होऊन म्हणाली. तेवढ्यात बाबांची भुवई हलली. बोलता बोलताच तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. नजर जराशी वळली, तिने चष्मा दिला. मधल्या मध्ये कडेवरच्या आपल्या छोटीचं नाक पुसलं, ते वेगळंच.

बाई पाहत होत्या. "त्यांनी टॅबला हात लावायचा तरी कशाला? तुम्ही गरजच पडू देत नाही."

तिला ते लागलं. कारण हीच तर तिची लहानपणापासूनची कमाई.

बाबांचं शिवणाचं दुकान. शाळा सुटली की ती थेट तिथे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, बाबा गुडघ्यांवर, ओठांत टाचण्यांची रांग. बोलायची सोयच नाही. भुवई वर गेली की खडू, हनुवटी हलली की कात्री, डोळे मिटले की 'हा माणूस डोकं खातोय, याला गप्पांत गुंतव.' कोऱ्या कापडाचा खळीचा वास, इस्त्रीची वाफ, आणि न बोलता चाललेलं त्या दोघांचं राज्य. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, पोरगी मनकवडी आहे हो!" टाचण्या काढून बाबा म्हणायचे, "मग काय! हिच्यासमोर मनातल्या मनात शिवी द्यायचीही चोरी."

"दहा मिनिटं," बाई म्हणाल्या. "हात मांडीखाली घेऊन बसा."

छोटीला खाली ठेवून ती बसली. बाबांनी भुवई उचलली. ती हलली नाही. हनुवटी हलवली. 'बहिरी झालीस का गं?' हे त्यांच्या नजरेतलं तिला स्वच्छ वाचता आलं, तरी ती बसून राहिली. शेवटी चिडून त्यांनी टॅब ओढला. डाव्या हाताचं बोट बराच वेळ चित्रांवर घिरट्या घालत राहिलं.

"खिडकी," टॅब म्हणाला.

ती ताडकन उठून खिडकी उघडायला धावली.

"नको," टॅब म्हणाला. बोट पुन्हा फिरलं. "खुर्ची. खिडकी."

ती थबकली. तीन महिने तिने त्यांची खुर्ची स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवली होती, काम करताना चेहरा दिसावा म्हणून. त्यांना तिथून काय दिसतं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. फ्रिज दिसत होता.

भुवईने हे कधी सांगितलंच नसेल. किंवा सांगितलं असेल, आणि तिने पाण्याचा पेला दिला असेल.

दोघींनी मिळून खुर्ची फिरवली. खाली रस्त्यावर माणसांची ये-जा चालली होती. बाबा पुढे वाकले. एका गृहस्थाच्या कोटाचे लोंबते खांदे पाहून त्यांनी असं तोंड वाकडं केलं, की तिला हसू फुटलं.

बाईंनी कागदावर खूण केली. "टॅब राहू दे इथेच."

बाई गेल्या. ती स्वयंपाकघरात आली. आता तिथून बाबांचं फक्त पाठमोरं डोकं दिसत होतं. सवयीने ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली. मग छोटीला मांडीवर घेऊन बसली, आणि कान देऊन वाट पाहू लागली.