आंघोळीची वेळ

“वहिनी, जरा साबण आणता का? संपलाय,” काकांना आंघोळ घालायला येणारी ताई म्हणाली.

त्यांच्या सुनेने ओले हात पदराला पुसले आणि न्हाणीघराच्या फळीकडे पाहिलं. तिथे साबणाची कोरी वडी होती.

“हा काय मग?”

“तो नको. त्याने काकांना खाज सुटते.”

“परवा तर त्यानेच घातलीत आंघोळ.”

“म्हणून तर सुटली.”

पायांत चपला सरकवून सून बाहेर पडली. दार ओढून घेताना तिने नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला. जिन्यावरची पावलं खाली उतरत गेली, पण खालच्या फाटकाची कडी काही वाजली नाही. ताई बादलीपाशी तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने कडी वाजली.

“गेली?” खाटेवरून काकांनी विचारलं.

“गेल्या.”

“मग चला. गाडी सोडा.”

काका जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची डावी बाजू गेली आणि त्या बाजूचा खांदा आखडून बसला. काखेत पाणी घालायचं तर हात उचलावा लागे, आणि हात उचलला की काका ओरडत. साधंसुधं नव्हे. एके काळी जो आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, त्याच आवाजात, “आई गं!” म्हणून. त्यानंतर लहान मुलासारखे हुंदके देत रडत. रडून झालं की नाक पुसून म्हणत, “हां, आता पाठ घे.”

ताई कामाला लागली त्याच आठवड्यात त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता. “सूनबाईला यातलं काही कळता कामा नये. अजून मला विचारल्याशिवाय ती घरात खिळा ठोकत नाही. तेवढं राहू दे.”

तेव्हापासून रोज सकाळी त्या घराचा जिना चढताना ताई निमित्त जुळवत चढायची. खोटं बोलणं तिच्या अंगचं नव्हतं, त्यामुळे निमित्तंही बेतास बात असायची.

हे काम ती कुठे शिकायला गेली नव्हती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घरात ती एकटीच होती. ते गेले, आणि सकाळ झाली की हातांना काय करावं ते सुचेना. शेजारच्या बाईंनी हाक मारली, “आमच्या सासूबाईंना जरा बघतेस का?” ती गेली. मग त्यांच्या ओळखीने दुसरं घर मिळालं, तिसरं मिळालं. पाटी नाही, ऑफिस नाही, गणवेश नाही. अलीकडे मात्र गावात पांढऱ्या गाड्यांतून फिरणारी एक कंपनी आली होती. दर आठवड्याला नवी मुलगी, पण गणवेश कडक इस्त्रीचा. ताईची दोन घरं त्या इस्त्रीने नेली.

त्यामुळे साहाय्य केंद्राची बाई दारात आली तेव्हा ताईने तिला आधी उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

“तुमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना मदत करायची, म्हणून आमचं केंद्र आहे,” बाई म्हणाली. खांद्याला भलीमोठी पिशवी होती. हसरा चेहरा होता.

“कसली मदत?”

“तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या घरांकडे कोण बघतं?”

“मी पडत नाही आजारी.”

“सुट्टी?”

“कशाला?”

“पाठ दुखत असेल ना उचलून उचलून?”

दुखत होती. पण हिला काय करायचंय? आजारपण, पाठ, सुट्टी. ही सगळी आपल्याला काढून टाकायची कारणं गोळा करतेय, असं ताईला वाटलं. “तुम्ही त्या पांढऱ्या गाडीवाल्यांच्या का?” तिने सरळच विचारलं.

बाई मोठ्याने हसली. “उलट. तुम्ही त्यांच्यापुढे टिकावं म्हणून आलेय. लोक विचारायला येतात तेव्हा आम्ही तुमचं नाव सांगू. तुम्हाला बरं नसलं तर तुमच्यासारखीच दुसरी कुणी जाईल. फक्त त्याआधी तुमचं एक घर बघावं लागेल.”

तिचं हसणं ताईला पटलं नाही. पण घरं कमी होत होती. ती तिला कंडक्टरकाकांकडे घेऊन गेली.

“चेकर आली!” पिशवी बघताच काका म्हणाले. “बघा बाई, विनातिकीट एकही पॅसेंजर नाही. तरी मी जन्मभर तुमच्या लोकांना घाबरत आलो.”

बाई हसली, ताईही हसली. सून हसली नाही. ती म्हणाली, “मॅडम, जरा गॅलरीत येता?”

काचेपलीकडे दोघींचे ओठ हलत होते. एकदा सुनेने बोट वरच्या मजल्याकडे केलं. बाई आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

“ताई, आंघोळीच्या वेळी तुम्ही वहिनींना रोज बाहेर का पाठवता?”

“काही ना काही संपलेलं असतं.”

“वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काकांना ओरडताना ऐकलंय. रडतानासुद्धा.”

“एकदा नाही,” सून म्हणाली. “रोज. मी घरात नसते नेमकी तेव्हा.” तिचा आवाज कापत होता. “ताई, मी तुमच्यावर घर टाकलं हो.”

ताईने काकांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही.

“माझी कामाची पद्धत आहे ती,” ती म्हणाली.

“असली कसली पद्धत?” सून म्हणाली.

बाईने पिशवीचा पट्टा सावरला. “उद्या आंघोळीच्या वेळी मी येते. वहिनी घरातच थांबतील. त्याशिवाय मला तुमचं नाव पुढे नेता येणार नाही.”

“आणि मला त्या कंपनीला फोन करावा लागेल,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई निमित्ताशिवाय जिना चढली. पाणी तापलं होतं. बाई खुर्चीवर बसली होती, सून स्वयंपाकघराच्या दारात. ताईने काकांना आधार देऊन न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवलं आणि कानाशी वाकली.

“काका, आज नुसतं अंग पुसून घेऊ? हात नको उचलायला.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. “म्हणजे आज मी गप्प बसणार. मग त्या काय समजतील? की त्यांच्या धाकाने तू आज हात आवरलास. रोज मारतेस.”

“समजू देत.”

“आणि तुझं काम गेलं म्हणजे?”

ताई बादलीतलं पाणी हाताने ढवळू लागली.

“सूनबाई!” काकांनी मोठ्याने हाक मारली. “इकडे ये. चेकरबाई, तुम्हीही या. दार उघडंच ठेवा.”

“काका, नको.”

“अगं, चेकर चढली की गाडी थांबवायची असते. पळवायची नसते.”

उजव्या हाताने त्यांनी स्वतःच सदऱ्याची बटणं काढली. ताईने तांब्या भरला आणि त्यांचा डावा हात धरून हळूहळू वर नेला.

ते ओरडले. रोजच्यासारखेच ओरडले आणि मग रोजच्यासारखेच रडले. सुनेने तोंडावर हात ठेवला. बाई जमिनीकडे बघत राहिली.

“बाबा, मला सांगायचं नाही का हो?”

“काय सांगायचं? तुझा सासरा आंघोळीला भोकाड पसरतो म्हणून?”

जाताना बाई जिन्यात थांबली. “ताई, काल एका शब्दाने सांगितलं असतंत तर?”

“त्यांना शब्द दिला होता.”

बाईने मान हलवली. मग ती खाली उतरली.

दिलेलं वचन बाईने पाळलं. ताईचं नाव लागलं, नवी घरं विचारत आली. पुढे ताईला ताप आला तेव्हा पलीकडच्या आळीतली एक बाई तिच्या घरांना जाऊन आली, आणि एकही घर ठेवून न घेता परत ताईच्या स्वाधीन करून गेली. तोवर ताई अंथरुणात पडल्यापडल्या तिच्यावर संशय घेत होती. केंद्राने काकांच्या खांद्यासाठी व्यायाम शिकवणारा माणूसही पाठवला. सून तर आता टॉवेल स्वतः गरम करून देते. बाहेर जात नाही. दाराशीच थांबते.

“बराच फरक आहे ना हो बाबांना? हल्ली ओरडत नाहीत,” परवा ती म्हणाली.

“हो,” ताई म्हणाली.

आत काका डोळे मिटून बसले होते. ताईने त्यांचा हात वर नेला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. फक्त उजव्या हाताची बोटं स्टुलाच्या कडेवर आवळत गेली, नखं पांढरी पडेपर्यंत. तिने पाणी घातलं, हात खाली आणला, आणि ती बोटं एकेक करून सुटेपर्यंत तांब्या धरून थांबून राहिली.