चालून दाखवा

भाड्याचं घर बघायला माणूस जातो तेव्हा नळाला पाणी येतं का, खिडकीतून ऊन येतं का, एवढंच बघतो. पण त्या घरमालकाची तऱ्हाच वेगळी होती. वरचा मजला मागायला कोणी आलं की तो किल्ली हातात द्यायचा आणि म्हणायचा, "वर जा. चपला काढू नका. चालून दाखवा." स्वतः खाली पलंगावर डोळे मिटून पडायचा. वर माणूस चालतोय, खुर्ची हलवतोय, खिडकी लावतोय आणि खाली हा छताकडे कान लावून. जरा आवाज आला की अर्ज बाद.

ट्रकवाल्याला हे ठाऊक होतं, कारण त्याची बायको त्या परीक्षेत पास झाली होती. तो तेव्हा गाडी घेऊन लांबच्या फेरीवर होता. तिने फोनवर हसत हसत सगळं सांगितलं आणि मालकाचं नाव 'कानसेन' ठेवलं.

पुढे ते हसू आटलं. ती शिवणकाम करायची. मशीन सुरू झालं की कानसेन खालून काठीने छत ठोकायचा. तिने मशीनखाली रजई दुमडून घातली. दुपारचं शिवण बंद केलं. काठी काही थांबली नाही. शेवटी ती तापाने फणफणलेली असताना त्याने तिला घर रिकामं करायला लावलं. "बरं वाटेपर्यंत तरी राहू द्या," एवढं ती म्हणाली होती. नवरा तेव्हाही गाडीवरच होता. गोदामामागे एक खोली मिळाली, तिथे ऊन म्हणून यायचं नाही. दुखणं बळावलं आणि ती गेली.

त्याला वर्षही उलटलं नव्हतं, तोच त्या घराबाहेर पाटी लागली. वरचा मजला भाड्याने देणे आहे. ट्रकवाल्याने गाडी कडेला घेतली, पाटीवरचा नंबर फिरवला आणि संध्याकाळी तडक मेहुणीचं दुकान गाठलं.

मेहुणी वह्या-पेन्सिली विकायची. दुकानावर लाकडी माळा होता. बहिणीचं मशीन तिथेच झाकून ठेवलेलं होतं.

"तुम्हाला वेड लागलंय का भाऊजी?"

"लागलंय. मला ते घर पाहिजे. त्याच्या पलंगाच्या बरोब्बर वर मशीन ठेवणार आणि तो आडवा झाला की चालवणार."

"आणि त्याने दुसऱ्या दिवशी हाकललं तर?"

"नाही हाकलू शकत. त्याच्याकडे कोणी टिकत नाही, म्हणून आता करारातच अट घातलीय त्याने. तीन वर्षं भाडेकरूने सोडायचं नाही, मालकाने काढायचं नाही. फोनवर स्वतःच्या तोंडाने बोलला."

मेहुणीने त्याच्या दाढीकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "ओळखेल ना तुम्हाला."

"करार तिच्या माहेरच्या नावावर होता. मला त्याने पाहिलं ते एखाद-दोन वेळा, तेही दाढीत. दाढी काढतो."

"मग आधी चालायला शिका. तुम्ही चालता की डबा गडगडतो, कळतच नाही."

तयारी सुरू झाली. वाहतूक कंपनीच्या कचेरीतून पगाराचा दाखला आला. गोदामवाल्याने चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिली, वर विचारलं, "लग्न जमवताय की काय?" मेहुणीने शर्टाला इस्त्री केली. पण खरी तयारी माळ्यावर चालायची. तो वर फेऱ्या मारायचा आणि ती खाली गल्ल्यावरून ओरडायची, "टाच! भाऊजी, टाच आपटली!" गिऱ्हाइकं दचकून वर बघायची.

"मग कसा चालू? उडू काय?"

"ताई चालायची तसं चाला. आधी चवडा टेकायचा, मग हळूच टाच. त्या घरात राहून तिला सवयच लागली होती."

ट्रकवाला मधेच थांबला. गोदामामागच्या खोलीतही ती तशीच चालायची. त्याला वाटायचं, अंगात शक्ती नाही म्हणून. त्या खोलीखाली तर नुसती जमीन होती. तिथे ऐकायला कोण होतं? मुंग्या?

त्या दिवशी तो एकदाही चुकला नाही.

मशीन मागितलं तेव्हा मात्र मेहुणी अडून बसली. "नुसता खडखडाट करायला ताईचं मशीन मी देणार नाही. काहीतरी शिवणार असाल तर न्या."

मग गिअर टाकणारे हात सुईत दोरा ओवायला शिकले. उशीचा अभ्रा सगळ्यात सोपा, म्हणून अभ्रा.

परीक्षेच्या दिवशी कानसेनने कागद चाळले, किल्ली दिली आणि पलंगावर पडला. ट्रकवाला वर गेला. फळ्यांची जमीन उन्हाने फिकी पडली होती. खिडकीजवळ मात्र रजईएवढा एक चौकोन गडद राहिला होता. तो त्या चौकोनात उभा राहिला. एक पाय असा आपटावा की खालच्याच्या तोंडावर चुना पडावा, असं त्याला फार वाटलं. पायाची बोटं वळली. त्याने दात आवळले. आधी चवडा टेकवला, मग हळूच टाच. खुर्ची उचलून ठेवली, खिडकी हाताने धरून हळूच लावली आणि खाली आला.

कानसेन उठून बसला होता. चेहरा नुसता फुललेला. "वर कोणी आहे की नाही, तेच कळलं नाही मला! असा माणूस पाहिजे. मागे एक बाई होती, डोकं उठवलं होतं तिने."

"असतात एकेक," ट्रकवाला म्हणाला आणि त्याने सही केली.

रविवारी मशीन वर चढलं. मेहुणी सवयीने रजई अंथरायला गेली. ट्रकवाल्याने ती तिच्या हातातून घेतली.

"राहू दे. ती मी पांघरायला ठेवलीय."

जेवणं झाली. खाली पलंग करकरला. ट्रकवाल्याने मशीन गडद चौकोनावर नीट बसवलं, अभ्र्याचं कापड सुईखाली घेतलं आणि पायटा दाबला. उघड्या फळ्यांवर मशीन असं काही कडाडलं की खिडकीची काच थरथरली.

खालून काठी वाजली. तो थांबला नाही. पुन्हा वाजली. मग जिन्यात धापा ऐकू आल्या आणि कानसेन दारात उभा राहिला, एका पायात चप्पल.

"अहो, हे काय! तुम्ही तर मांजरासारखे चालत होता!"

"अजून चालतो. चालून दाखवू?"

"आणि हा आवाज?"

"तो माझा नाही. माझ्या बायकोच्या मशीनचा आहे. तुम्ही ओळखता त्याला."

कानसेनने मशीनकडे पाहिलं, मग घडी केलेल्या रजईकडे. तोंडावरचा रंग उडाला. "त्या बाईंचे तुम्ही…"

"नवरा."

"हे बघा, करार आपण…"

"तीन वर्षं, मालक. अट तुमचीच."

"माझी तब्येत बरी नसते हो," कानसेनचा आवाज बसला. "दुपारचं तरी बंद ठेवा. मला जरा बरं वाटेपर्यंत तरी."

मेहुणी झटकन भाऊजींकडे वळली. ट्रकवाल्याचा पाय पायट्यावर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "तीही असंच म्हणाली होती. हेच शब्द."

कानसेन भिंतीला धरून जिना उतरला. खाली पलंग पुन्हा करकरला.

अभ्र्याची शिवण तिरकी गेली होती. ट्रकवाल्याने ती उसवली, कापड सरळ केलं आणि पहिल्यापासून शिवायला घेतलं. घाई कसलीच नव्हती.